संजाणचे उतारू

पारशी इराणातून गलबतांत बसून संजाणला आले, तिथल्या राजाने त्यांच्यापुढे काठोकाठ भरलेला दुधाचा पेला ठेवला आणि त्यांच्या दस्तुराने त्यात साखर विरघळवून दाखवली, ही गोष्ट मराठी माणसाला शाळेपासून ठाऊक असते. 'दुधात साखर' हा शब्दप्रयोग आपल्या बोलण्यात रुळलेला असल्यामुळे ती इतकी घरचीच वाटते, की तिचे मूळ शोधावे असे कोणाच्या मनात येत नाही. परंतु ह्या आगमनाचे जे जुने सलग कथन आज आपल्या हाती आहे, त्या 'किस्सा-ए-संजान' ह्या फारसी काव्यात दूधही नाही आणि साखरही नाही. ती गोष्ट नंतरच्या मौखिक परंपरेची आहे. किस्सा काय सांगतो, काय सांगत नाही, आणि तो ज्या किनाऱ्याविषयी बोलतो त्या किनाऱ्याने स्वतःविषयी काय लिहून ठेवले आहे, हे शेजारी शेजारी ठेवून वाचण्याचा आमचा इथे प्रयत्न आहे.

किस्सा रचणारा बहमन कैकोबाद हा नवसारीचा धर्मोपदेशक. काव्याचा काळ यज्दगर्दी सन ९६९, म्हणजे इसवी सन १५९९-१६००. आपण ही हकीगत होशंग नावाच्या एका वृद्ध दस्तुराकडून ऐकली, असे तो सांगतो. आगमनाची सर्वांत अलीकडची तारीख धरली तरी कवी आणि घटना ह्यांच्यामध्ये साडेसहा शतकांचे अंतर पडते; सर्वांत जुनी धरली तर जवळजवळ नऊ शतकांचे. आँकतील द्यु पेराँ ह्या फ्रेंच पंडिताने १७७१ मध्ये त्याचा सारांश युरोपात नेला, ईस्टविकचे इंग्रजी भाषांतर १८४२ मध्ये मुंबईत छापले गेले, आणि अॅलन विल्यम्सने २००९ मध्ये मूळ संहितेसह नवे भाषांतर काढताना ह्या काव्याला इतिहास न म्हणता स्थलांतराची पुराणकथा म्हटले. आम्हांला ते नाव पुष्कळसे पटते, मात्र एका अटीवर: पुराणकथा म्हटल्याने तिच्यातले सगळे खोटे ठरत नाही.

कथा अशी. राज्य गेल्यावर धर्मनिष्ठ मंडळी शंभर वर्षे कोहिस्तानात, डोंगराळ मुलखात राहिली. तिथून ती होर्मुझला आली आणि पंधरा वर्षांनी समुद्रमार्गे दीवला पोचली. दीवमध्ये एकोणीस वर्षे गेली. मग एका वृद्ध ज्योतिषी दस्तुराने ग्रह पाहून तिथून निघण्याचा सल्ला दिला. वाटेत वादळ झाले. लोकांनी नवस केला की किनारा लाभला तर आतश-बेहरामची, म्हणजे सर्वोच्च प्रतीच्या पवित्र अग्नीची, स्थापना करू. वादळ शमले आणि गलबते संजाणला लागली. तिथला राजा जादी राणा. त्यांचे वेष आणि शस्त्रे पाहून तो आधी धास्तावला, मग त्याने अटी घातल्या: तुमचा धर्म काय तो समजावून सांगा, आपली भाषा सोडून इथली बोला, बायकांनी इथला वेष घ्यावा, शस्त्रे खाली ठेवावीत, लग्ने संध्याकाळी लावावीत. अटी मान्य झाल्या, जागा मिळाली. ती जागा, किस्सा सांगतो, रान होती. ह्या लोकांनी तिचे नगर केले आणि दस्तुराने त्याला संजाण हे नाव दिले.

हा शेवटचा तपशील लक्षात ठेवावा.

आता स्थळाविषयी. संजाण आज गुजरातेत, वलसाड जिल्ह्याच्या उंबरगाव तालुक्यात आहे, म्हणून मराठी अभ्यासकाच्या नजरेतून ते सहज निसटते. पण १ मे १९६० पूर्वी उंबरगाव हा ठाणे जिल्ह्याचाच तालुका होता. द्विभाषिकाचे दोन तुकडे झाले तेव्हा त्याचा बराच भाग पलीकडे गेला आणि तलासरीचा पट्टा अलीकडे राहिला. २०१४ मध्ये ठाण्यातून पालघर वेगळा झाला आणि डहाणू-तलासरी त्यात गेले. चिंचणी, डहाणू, घोलवड, बोर्डी, झाई, उंबरगाव, नारगोळ, संजाण ही गावे एकाच किनाऱ्यावर एकापुढे एक येतात. त्यांच्या मागे पूर्वेला वारल्यांचे डोंगर. ही सगळी एकाच इतिहासाची जागा आहे. राज्यांची सीमा तिच्यातून गेली ती फार उशिरा.

आमच्याकडे बाहेरगावचे नातलग आले की त्यांना संजाण पाहायचे असते. गेल्यावर त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: समुद्र कुठे आहे? १९२० साली उभारलेला कीर्तिस्तंभ त्यांना दिसतो, रेल्वेचे रूळ दिसतात, मीठ लागलेली सपाट जमीन दिसते; लाटा मात्र नसतात. कारण संजाण वारोळी नदीच्या खाडीवर, नारगोळच्या मुखापासून बरेच आत वसलेले आहे. एकदा एका लहान मुलीने स्तंभाकडे पाहून विचारले, की मग बोट इथपर्यंत चालत आली का? आम्ही हसलो खरे, पण इतक्या नेमक्या प्रश्नाला उत्तर देणे भाग आहे.

ह्या किनाऱ्यावर समुद्र उथळ आहे, आणि उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीचे अंतर चार-पाच मीटरांपर्यंत जाते. ओहोटीला किनाऱ्यापासून दूरवर चिखल आणि खडक उघडे पडतात. शिडाच्या जहाजाला इथे केव्हाही येऊन लागता येत नाही. त्याने बाहेर नांगर टाकून थांबायचे, भरती चढू लागली की तिच्याबरोबर खाडीच्या मुखात शिरायचे आणि पाणी उतरण्याआधी धक्क्याला पोचायचे. मुखातली वाळूची उंचवटे दर पावसाळ्यानंतर जागा बदलतात. ती कुठे आहेत हे तिथल्याच तांडेलाला ठाऊक. दीवहून संजाण सुमारे दोनशे किलोमीटर. मधे खंबायतच्या आखाताचे मुख ओलांडावे लागते आणि तिथल्या पाण्याची ओढ जुन्या खलाशांत कुप्रसिद्ध होती. पावसाळा सरल्यावर वाहणारा वायव्येचा वारा मात्र ह्या प्रवासाला अनुकूल. तेव्हा वादळाने भरकटलेली गलबते अज्ञात किनाऱ्यावर फेकली जाणे आणि ती संजाणला लागणे ह्या दोन गोष्टी एकत्र बसत नाहीत. वादळात सापडलेले जहाज फार तर नारगोळच्या वाळूत रुतेल. संजाणला ते पोचले असेल तर कोणीतरी त्याला वाट दाखवली असणार. किंवा, आम्हांला अधिक संभवनीय वाटते ते असे, की येणाऱ्यांना आपण कुठे चाललो आहोत हे माहीत होते.

दीवमधील एकोणीस वर्षे वाचक घाईने ओलांडतो. एकोणीस वर्षांत एक पिढी वाढते. गलबतांतून उतरलेल्यांपैकी कितीतरी तरुण मुले दीवलाच जन्मलेली असणार, आणि गुजरातच्या किनाऱ्याची बोली त्यांच्या कानांवर पडलेली असणार. मग 'इथली भाषा बोला' ही राजाची अट वेगळी दिसू लागते. जे निम्मे घडून गेले होते त्याला काव्याने कराराचे रूप दिले. आपल्याच समाजात हळूहळू, नकळत झालेल्या बदलांना पुढच्या पिढ्या एका दिवसाची, एका राजाची, एका शब्दाची गोष्ट करून सांगतात. आमच्या शेजारच्या महिकावतीच्या बखरीतही बिंब राजाबरोबर उत्तर कोकणात आलेल्या कुळांची कथा अशाच रीतीने येते. राजवाड्यांनी १९२४ मध्ये ती बखर छापली तेव्हापासून तिच्यातला इतिहास कोणता आणि कुळाभिमान कोणता ह्याचा निवाडा चालूच आहे.

किस्सा येणाऱ्यांच्या बाजूने बोलतो. ज्या गावात ते आले त्या गावाने काही लिहून ठेवले होते का? १९५५ पर्यंत ह्या प्रश्नाचे उत्तर फार तुटपुंजे होते. अरब लेखकांत 'सिंदान' नावाच्या बंदराचा उल्लेख येतो, आणि बहुतेक अभ्यासक ते संजाणच मानतात. काहींच्या मते ते कच्छातले. नवव्या शतकातला बलाधुरी सांगतो की फझल बिन माहान ह्या मुक्त केलेल्या गुलामाने सिंदान जिंकले, तिथे जुम्मा मशीद बांधली आणि खलिफा अल-मामूनला एक हत्ती पाठवला. पुढे त्याच्या मुलांत भांडण झाले, स्थानिकांनी गाव परत घेतले; पण मशिदीला हात लावला नाही, मुसलमानांना तिथे नमाज पढू दिला. एवढे होते.

१९५५ साली डहाणू तालुक्यातील चिंचणी येथे जमिनीतून ताम्रपट निघाले. दिनेशचंद्र सरकारांनी ते 'एपिग्राफिया इंडिका'त प्रसिद्ध केले. चिंचणीत सापडले, पण बोलतात ते संयानाविषयी, म्हणजे संजाणविषयी. दहाव्या-अकराव्या शतकांतले हे लेख वाचताना किस्स्यातले रान आपोआप मागे पडते आणि तिथे एक गजबजलेले बंदर उभे राहते.

त्यांतला राष्ट्रकूट राजा तिसऱ्या इंद्राच्या काळचा, शके ८४८ म्हणजे इसवी सन ९२६चा लेख घेऊ. संयान मंडळाचा कारभार त्या वेळी मधुमती ह्या अधिकाऱ्याकडे होता, आणि तो त्याला इंद्राच्या आधीच्या दुसऱ्या कृष्णाने दिला होता. मधुमती हे मुहंमदचे संस्कृत रूप. लेख त्याला 'ताजिक' म्हणतो, म्हणजे अरब, आणि त्याच्या बापाचे नाव 'सहियारहार' असे देतो, ज्यामागे शहरयार हे नाव उघड दिसते. ह्या मुहंमदाने किनाऱ्यावरच्या बंदरांचे प्रमुख जिंकून तिथे आपली माणसे बसवली. त्याने दोन प्रवाहांवर लोकांसाठी तर चालू केली आणि संयानात एक सत्र उघडले, जिथे साळीचा भात, कालवणे आणि तूप विनामूल्य मिळे. पुढे अण्णैय नावाच्या ब्राह्मणाने इथे देवीची मठिका बांधली, आणि ह्याच मुसलमान अधिकाऱ्याच्या अनुमतीने तिच्या नैवेद्यासाठी आणि डागडुजीसाठी एक गाव व काही जमीन दान मिळाली.

साहित्याच्या विद्यार्थ्याने इथे थोडे थांबावे. शापूरशाह होडीवाला ह्यांनी १९२० मध्ये 'स्टडीज इन पारसी हिस्टरी' ह्या ग्रंथात पारशांच्या आगमनाचे वर्ष ९३६ असे ठरवले. जीवनजी मोदींचे ७१६ हे त्याहून कितीतरी आधीचे. ७८५ मानणारेही आहेत. वाद मिटलेला नाही. पण होडीवालांचे वर्ष क्षणभर खरे धरले तर काय दिसते पाहा. ज्यांच्या राज्याला कंटाळून हे लोक समुद्रावर निघाले त्या अरबांना पहलवी भाषेत 'ताजीग' म्हणत. आणि ज्या संयानात त्यांना आश्रय मिळाला, तिथे त्यांच्या येण्याआधी दहा वर्षे कारभार पाहत होता एक ताजिक, ज्याच्या बापाचे नाव इराणी आहे, जो संस्कृतात दानपत्र देतो आणि ब्राह्मणांच्या मठाला जमीन मिळवून देतो. होडीवालांना हे कळण्याचा मार्गच नव्हता. ताम्रपट आणखी पस्तीस वर्षे मातीत होते. आणि आगमनाचे वर्ष ७१६ धरले तरी पेच सुटत नाही, फक्त बदलतो: मग ९२६ साली पारशी मंडळी ह्या ताजिक अधिकाऱ्याच्या अमलाखाली संयानात नांदत होती, आणि किस्स्याला त्याचे नावही आठवत नाही. काव्यात छळणारा मुसलमान आहे आणि आसरा देणारा हिंदू राजा आहे. तरीवाला, भात वाढणारा मुहंमद काव्याच्या चौकटीत कुठे बसणार? सोळाव्या शतकाच्या अखेरीस, संजाण मुसलमान फौजेच्या हातून पडल्याच्या आठवणीसह लिहिणाऱ्या कवीला तो बसवताही आला नसता. हा आम्ही कवीवर आरोप करीत नाही. संहितेने काय ठेवले ह्याइतकेच तिला काय ठेवता आले नाही ह्याने तिचा काळ कळतो, एवढेच म्हणतो.

ताम्रपटांत आणखीही लोक आहेत. तिसऱ्या कृष्णाच्या काळच्या लेखात मठिका आणि शेजारचे भिल्लमालदेवाचे देऊळ ह्यांच्यात जागेवरून उपटलेला तंटा आहे. ते देऊळ राजस्थानातल्या भिनमाळहून आलेल्या व्यापाऱ्यांचे. म्हणजे तेही परगावचेच. दोन देवस्थानांच्या भांडणाची तडजोड दर साल द्रम्मांत भाडे देण्यावर होते. पुढे शके ९५६चा, म्हणजे १०३४चा, शिलाहारांचा मांडलिक चामुंडराज ह्याचा लेख. तो मठिकेला एक तेलाचा घाणा देतो. कशासाठी? देवीच्या दिव्यासाठी, आणि मठात येणाऱ्या विद्वानांच्या पायांना चोळण्यासाठी.

ह्या तेलापाशी आम्ही पुनःपुन्हा येतो. राजे गाव देतात, सोने देतात, ते नेहमीचे झाले. पण दूरवरून चालत आलेल्या माणसाचे पाय भेगाळलेले असतात आणि त्याला त्या रात्री सगळ्यांत आधी तेल हवे असते, हे कोणालातरी ठाऊक होते, आणि ते तांब्यावर कोरण्याइतके महत्त्वाचे वाटले. किस्स्यातल्या पाच अटींपेक्षा ह्या एका घाण्यात आम्हांला संजाणचे आतिथ्य अधिक दिसते. तर, सत्र आणि तेल: नदी ओलांडणे, जेवणे आणि पाय चोळणे. उतारूला गाव भेटते ते ह्या क्रमाने. राजा त्याला भेटला तर पुष्कळ नंतर.

ह्याच काळातल्या शिलाहार लेखांत 'हंजमन' किंवा 'हंयमन' असा एक शब्द नगरजनांच्या संदर्भात येतो. तो फारसी 'अंजुमन' म्हणजे पारशी समाजाची सभा, असे पुष्कळांनी मानले. दुसऱ्यांनी त्याचा संबंध केरळच्या ताम्रपटांतल्या 'अंजुवण्णम्' ह्या व्यापारी संघाशी जोडला. पहिला अर्थ खरा असेल तर राजाच्या दफ्तरात पारशी शरणार्थी म्हणून नव्हे, तर गावचा एक घटक म्हणून येतात. दान दिल्याची वर्दी ज्यांना द्यावी लागते अशा लोकांत.

आणि पारशांनी स्वतः, त्याच काळात, स्वतःच्या हातांनी लिहिलेले काय आहे? कान्हेरीच्या लेण्यांत. बोरिवलीच्या डोंगरातल्या नव्वदाव्या क्रमांकाच्या लेण्यात पहलवी लिपीत काही मजकूर कोरलेला आहे. ई. डब्ल्यू. वेस्टने तो १८८० मध्ये वाचून छापला. तारखा आहेत १००९ मधल्या दोन आणि १०२१ मधली एक. मजकूर साधा: देवाच्या नावाने, अमुक वर्षी अमुक महिन्यात अमुक दिवशी आम्ही अमुक अमुक इथे आलो. मग नावे. यज्दान-पनाक आणि माह-अय्यार, मिहर-अय्यारचे मुलगे. पंज-बुख्त आणि पदर-बुख्त, माह-अय्यारचे मुलगे. अशी भावाभावांची यादी पुढे चालते. १००९ मधल्या दोन भेटींत जेमतेम दीड महिन्याचे अंतर आहे, आणि बरीच मंडळी तीच. म्हणजे पाहून गेलेले लोक पुन्हा आले.

बौद्धांच्या लेण्यांत जरथुश्त्राचे अनुयायी कशासाठी गेले असतील? पूजेसाठी नव्हे. ते पाहायला गेले. भाऊबंद जमवून, दिवाळीच्या आसपासच्या मोकळ्या हवेत, एक प्रसिद्ध जुनी जागा पाहायला गेले आणि जाताना नावे कोरून आले, ज्याबद्दल आज पुरातत्त्व खाते आपल्याला दंड करील. नावे सगळी पुरुषांची आहेत. बायकामुले बरोबर असतील तर त्यांना दगडावर जागा मिळाली नाही. तरी ह्या यादीत जे आहे ते किस्स्यात नाही. तिच्यात दुःख नाही, नवस नाही, राजा नाही. कुठे आश्रयाला आलेली माणसे मुलूख आपला वाटू लागल्यावर काय करतात, तर सहलीला जातात. स्थलांतर पुरे झाल्याची ह्याहून पक्की खूण आम्हांला माहीत नाही.

संजाणच्या उत्खननाविषयी थोडक्यात. २००२ ते २००४ असे तीन हंगाम तिथे खणले गेले. पश्चिम आशियातली निळसर-हिरव्या झिलईची भांडी, चिनी मातीची भांडी, काच, नाणी आणि एका जुन्या दख्म्याचे, म्हणजे मृतांना ठेवण्याच्या वर्तुळाकार वास्तूचे, अवशेष मिळाले. खापरांचा सविस्तर अभ्यास रुखसाना नानजी ह्यांनी केला. वस्ती आठव्या शतकापासून तेराव्यापर्यंत भरात होती, असे ह्या पुराव्यावरून दिसते. रानाचे नगर झाले ही किस्स्यातली ओळ खापरांच्या कसोटीलाही अर्धीच उतरते: नगर होते हे खरे, पण ते एकट्या एका समाजाने वसवलेले नव्हते.

मग ते पडले. किस्स्याचा उत्तरार्ध ह्या पडझडीचा आहे, आणि काव्य म्हणून तो पूर्वार्धापेक्षा सरस आहे असे आमचे मत. सुलतान महमूदचा सरदार अलफखान चालून आला; राजाने पारशांना साद घातली; चौदाशे पारशी अर्देशीरच्या नेतृत्वाखाली राजाच्या बाजूने लढले. पहिल्या लढाईत फौज मागे हटली, दुसऱ्या लढाईत अर्देशीर आणि राजा दोघेही पडले. वर्षाविषयी मतभेद आहेत. पुष्कळजण १४६५ च्या आसपासचे धरतात. शस्त्रे खाली ठेवण्याची अट जिथे घातली गेली होती तिथेच, त्याच राजघराण्यासाठी, ती पुन्हा उचलली गेली. ह्या वळणावर कवीने शब्द फार खर्चले नाहीत, वाचकाला ते आपोआप दिसते.

वाचलेल्यांनी पवित्र अग्नी घेतला आणि ते डोंगरात गेले. बाहरोट. बोर्डी-घोलवडच्या मागे, असवली गावावरून चढत जावे लागते. उंची सुमारे दीड हजार फूट. माथ्याजवळ खडकात कोरलेल्या गुहा आहेत, पाण्याची टाकी आहेत. इथे अग्नी बारा वर्षे राहिला असे किस्सा म्हणतो. मग तो वांसद्याला गेला, तिथे चौदा वर्षे. मग चांगा आसा ह्या पुढाऱ्याने तो नवसारीला नेला. शेवटी १७४२ मध्ये तो उदवाड्याला स्थिरावला आणि आजही तिथे आहे.

बारा वर्षे ही किस्स्यात एका दमात संपतात. पण अग्नी हा मूर्तीसारखा नसतो. तो ठेवून देता येत नाही. त्याला दिवसाच्या पाच गेहांत, म्हणजे पाच प्रहरांत, कोरडे लाकूड द्यावे लागते. बारा वर्षे म्हणजे बारा पावसाळे, आणि डहाणूचा पावसाळा ज्याने डोंगरावर काढला आहे त्याला विचारावे. एवढे कोरडे लाकूड कुठून आले? धान्य कुठून आले? पायवाटा कोणी दाखवल्या, फौज कुठे आहे ह्याची खबर कोणी आणली? डोंगर ओस नव्हते. ते वारल्यांचे, कोकण्यांचे, कातकऱ्यांचे डोंगर. त्यांच्या नकळत तिथे बारा दिवसही धुराची आग लपवून ठेवता येणार नाही. किस्स्यात त्यांच्याविषयी एक शब्दही नाही. ताम्रपटांतही नाही, कारण ताम्रपट खाडीकाठच्या गावाचे. डोंगराचे ते काय जाणणार? आणि वारल्यांचे ग्रंथ म्हणजे धवलेरीने लग्नात म्हणायची गाणी आणि भगतांच्या तोंडच्या कथा. त्यांत तारखा शोधू नयेत. पण एवढे अनुमान आम्ही निःशंकपणे करतो: बारा वर्षे अग्नी विझला नाही, ह्याचा अर्थ डोंगरातल्या माणसांनी तो विझू दिला नाही, निदान त्याची वाच्यता केली नाही.

ही गोष्ट इथेच थांबली असती तर तिला दुधात साखरेचाच एक नवा पेला म्हणून पुढे करता आले असते. पण ह्याच डोंगरांच्या पायथ्याशी विसाव्या शतकात काय होते ते आपल्याला लिखित रूपात ठाऊक आहे. १९३०च्या दशकाच्या अखेरीस सरकारसाठी सिमिंग्टन ह्या अधिकाऱ्याने आदिवासींच्या स्थितीचा अहवाल तयार केला. त्यात 'लग्नगडी' आहे: लग्नासाठी सावकाराकडून थोडे पैसे उचलायचे आणि मग बायकोसह त्याच्याकडे राबत राहायचे, बहुधा मरेपर्यंत. जमीनदारांत हिंदू होते, मुसलमान होते, पारशी होते, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून याझ्द-केरमानकडून नव्याने आलेले इराणीही होते. ह्या दुसऱ्या स्थलांतराचे काव्य कोणी लिहिले नाही. त्यातले पुष्कळसे स्वतः हलाखीतून सुटून आले होते, आणि घोलवड-बोर्डीच्या चिकूच्या वाड्यांमागे त्यांचे कष्टही आहेत, हे नाकारण्याचे कारण नाही. डहाणू घोलवड चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले त्यात त्यांचा वाटा आहे. वाड्यांत राबणारे हात मात्र वारल्यांचे होते.

२३ मे १९४५ रोजी तेव्हाच्या उंबरगाव तालुक्यातील झरी गावी वारली जमले आणि वेठ व लग्नगडी बंद, असे ठरले. गोदावरी आणि शामराव परुळेकर तिथे होते. गोदावरीबाईंचे 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक १९७० साली आले, १९७२ मध्ये त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि मराठीच्या अभ्यासक्रमांतून ते वाचले जाते. ते चळवळीचे पुस्तक म्हणून आपण शिकवतो, ते योग्यच आहे. आम्ही सुचवतो ते इतकेच, की ते एकदा किस्स्याच्या शेजारी ठेवून वाचावे. झरी बाहरोटपासून फार दूर नाही. किस्स्यात ज्यांना आवाज नाही तेच लोक ह्या पुस्तकात प्रथम छापील मराठीत बोलू लागतात, अर्थात दुसऱ्याच्या लेखणीतून. दोन्ही संहितांत अटी आहेत. पहिल्यात राजा त्या पाहुण्यांना घालतो. दुसऱ्यात ज्यांच्या मुलखात सगळेच पाहुणे होते ते वारली अखेर मालकांना घालतात.

वर्गात हे वाचायचे झाले तर आम्ही क्रम उलटा ठेवू. आधी परुळेकर, मग बाहरोटची चढण, मग चिंचणीचे ताम्रपट, कान्हेरीची नावे, आणि शेवटी किस्सा. सहल काढता आली तर असवलीवरून वर जावे. पावसाळा टाळावा. वाट झाडीत हरवते, म्हणून गावातला कोणीतरी बरोबर घ्यावा लागतो. गुहांपाशी पोचल्यावर पश्चिमेला, हवा स्वच्छ असेल तर, किनाऱ्याची पट्टी दिसते. खाड्यांची मुखे कुठली ते वाटाड्याला विचारावे.